हेराच्या घरावरचे तुळशीपत्र

घरावर तुळशीपत्र ठेवणे हा वाक्प्रचार आपण मोठ्या आदराने वापरतो. दान द्यायच्या वस्तूवर तुळशीचे पान ठेवून तिच्यावरचा आपला हक्क सोडायचा, या रिवाजातून तो आला. स्वातंत्र्यलढ्यातल्या कार्यकर्त्यांविषयी किंवा समाजसुधारकांविषयी लिहिताना तो हमखास येतो आणि तिथे शोभतोही. मात्र दान आपल्या मालकीच्या वस्तूचेच करता येते, ही त्या रिवाजातली पहिली अट आपण विसरतो. घरात बायको असते, मुले असतात, म्हातारी आई असते. त्यांच्या वाट्याच्या घरावर ते पान कोणी ठेवायचे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. सैनिकाच्या घराला निदान आपले माणूस कुठल्या कामाला गेले आहे हे ठाऊक असते. हेराच्या घराला तेही ठाऊक नसते.

युद्धकाळातल्या हेराची गोष्ट सांगण्याची एक ठरलेली रीत आहे. तराजूच्या एका पारड्यात कर्तव्य, दुसऱ्यात प्रेम आणि मधोमध घालमेल झालेला नायक किंवा नायिका. शेवटी देशाचे पारडे जड होते, टाळ्या पडतात, डोळेही पुसले जातात. या मांडणीत तराजू हातात धरणारा मात्र कधी दिसत नाही. हेर आपण होऊन परक्या देशात जाऊन बसत नाही. त्याला कोणीतरी पाठवते, त्याचे सोंग कोणीतरी ठरवते आणि त्याने परत यावे की नाही हेही कोणीतरी टेबलामागे बसून ठरवते. संघर्ष हेराच्या मनात चालतो हे खरे, पण त्याची किंमत किती आणि ती कोणाच्या खिशातून जायची, याचा निर्णय त्या टेबलावर होतो. म्हणून हा प्रश्न मला खासगी वाटत नाही. राज्यसंस्था एखाद्याला गुप्त कामावर नेमते तेव्हा त्याच्याशी बांधली गेलेली माणसेही तिच्या खात्यावर येतात. हे देणे कोणाच्या दयेवर सोडून चालणार नाही, ते कायद्याने मानले गेले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

हे म्हणणे पडताळून पाहण्यासाठी मी रिचर्ड झोर्गे याचे आयुष्य निवडतो. हा माणूस १८९५ मध्ये बाकूजवळ जन्मला. वडील जर्मन, तेलउद्योगातले अभियंते, आई रशियन. पहिल्या महायुद्धात तो जर्मनीच्या बाजूने लढला, पायांना झालेल्या जखमांमुळे जन्मभर लंगडला आणि रुग्णालयातल्या वाचनातून कम्युनिस्ट झाला. पुढे सोव्हिएत लष्कराच्या गुप्तचर खात्याने त्याला आधी शांघायला आणि मग, सप्टेंबर १९३३ मध्ये, जपानला पाठवले. वरकरणी तो ‘फ्रांकफुर्टर त्सायटुंग’ या प्रतिष्ठित दैनिकाचा वार्ताहर होता. त्याने नाझी पक्षाचे सदस्यत्वही मिळवले. टोकियोतल्या जर्मन वकिलातीत तो इतका आत शिरला की राजदूत ऑयगेन ऑट यांच्याबरोबर न्याहारी करता करता बर्लिनच्या ताज्या तारांवर चर्चा करणे हा त्याचा नित्यक्रम झाला.

या माणसाची कर्तव्यनिष्ठा किती पराकोटीची होती, हे १९३८ मधल्या एका रात्री दिसले. दारूच्या नशेत मोटारसायकल चालवताना तो भिंतीवर आदळला. जबडा फुटलेला, चेहरा रक्ताने माखलेला. तशा अवस्थेत त्याने शुद्ध हरपू दिली नाही, कारण त्याच्या खिशात असे कागद होते की जे रुग्णालयातल्या परिचारिकेच्या हाती पडले असते तर सगळेच संपले असते. बिनतारी यंत्र चालवणारा त्याचा साथीदार माक्स क्लाउझेन येईपर्यंत त्याने दम धरला, खिसे रिकामे करून घेतले आणि मगच तो बेशुद्ध झाला. हेरगिरीच्या इतिहासात हा प्रसंग त्याच्या धैर्याचा दाखला म्हणून सांगितला जातो. मला त्यात दुसरेही काही दिसते. ज्या क्षणी कोणीही माणूस आपल्या माणसाचे नाव घेईल, त्या क्षणी याला नाव घ्यावे लागले ते यंत्र चालवणाऱ्याचे.

नाव घेण्यासारखी माणसे नव्हती असे नाही. मॉस्कोत कात्या माक्सिमोवा होती. तिने नाट्यशिक्षण घेतले होते, झोर्गेला रशियन शिकवले आणि १९३३ मध्ये, तो जपानला निघण्यापूर्वी, त्याच्याशी लग्न केले. त्यानंतर ती एका कारखान्यात काम करीत राहिली आणि वाट पाहत राहिली. १९३५ च्या उन्हाळ्यात तो काही दिवसांसाठी मॉस्कोला आला, तीच त्यांची अखेरची भेट. पुढची सगळी वर्षे हा संसार गुप्त वाहकांच्या हाती पोहोचणाऱ्या तुटपुंज्या पत्रांवर चालला. १९३८ पासून तो परत बोलावण्याची विनंती करीत होता आणि वरून उत्तर येत होते की अजून थोडे थांबा. त्याच काळात, स्तालिनने ‘शुद्धीकरणा’च्या नावाखाली स्वतःच्याच माणसांच्या केलेल्या कत्तलीत, त्याला खात्यात घेणारे यान बेर्झिन यांनाच गोळ्या घालण्यात आल्या आणि परदेशातून परत बोलावलेल्या कित्येक अधिकाऱ्यांची तीच गत झाली. मॉस्कोला परतणे म्हणजे बायकोकडे परतणे की भिंतीसमोर उभे राहणे, हे त्यालाही सांगता आले नसते.

दुसरीकडे टोकियोत हानाको इशी होती. गिन्झा भागातल्या एका जर्मन बिअरगृहात ती काम करीत असे. ४ ऑक्टोबर १९३५ रोजी, त्याच्या चाळिसाव्या वाढदिवशी, त्यांची ओळख झाली. म्हणजे मॉस्कोतल्या त्या शेवटच्या भेटीनंतर काही आठवड्यांतच. तिला गाणे शिकायचे होते, त्याने तिच्या शिकवणीची सोय केली. पुढची सहा वर्षे ती त्याच्या घरी येत-जात राहिली. तिच्याकडे कसलेही गुपित नव्हते, तिचे कोणी मोठ्या हुद्द्यावर नव्हते, तिच्या सहवासातून मॉस्कोला एका ओळीचाही लाभ झाला नाही. हे मुद्दाम नोंदवतो, कारण झोर्गेचे इतर अनेक स्त्रियांशी संबंध होते आणि राजदूताच्या पत्नीशी असलेल्या संबंधात स्वार्थ किती आणि ओढ किती हे कोणीच वेगळे काढू शकणार नाही. हानाकोच्या बाबतीत ती शंका उरत नाही. कामाशी संबंध नसलेली त्याच्या आयुष्यातली बहुधा ही एकच गोष्ट.

झोर्गेला संत करून ठेवण्याचा माझा मुळीच विचार नाही. तो बेसुमार पीत असे, बेजबाबदार होता आणि ज्या ऑटने त्याला घरचा माणूस मानले त्याच्या विश्वासाचा त्याने शेवटपर्यंत वापर केला. पण त्याचे काम फुकट गेले असेही म्हणता येत नाही. जर्मनी सोव्हिएत संघावर चाल करणार असल्याचा इशारा त्याने १९४१ च्या मे-जूनमध्ये दिला; स्तालिनने तो मानला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याने कळवले की जपान एवढ्यात सोव्हिएत संघावर हल्ला करणार नाही. सैबेरियातल्या तुकड्या मॉस्कोच्या बचावाला आल्या त्या किती प्रमाणात या बातमीमुळे, याबद्दल इतिहासकारांत एकमत नाही. बातमी खरी होती आणि मोलाची होती, याबद्दल मात्र वाद नाही. १८ ऑक्टोबर १९४१ रोजी त्याला अटक झाली.

तुरुंगात त्याने जो सविस्तर जबाब लिहून दिला, त्यात एक विधान आहे. स्त्रिया हेरगिरीच्या कामाला अगदीच अयोग्य असतात, त्यांना राजकारण कळत नाही आणि त्यांच्याकडून आपल्याला कधी धड माहिती मिळाली नाही, अशा आशयाचे. वाचून आजच्या वाचकाला संताप येईल. पण हेच लिहिणाऱ्या माणसाने शांघायमध्ये १९३० साली उर्सुला कुचिन्स्की या तरुणीला या कामात आणले होते. पुढे सोव्हिएत गुप्तचर खात्याच्या सर्वांत कर्तबगार हेरांत ती गणली गेली. शांघायमध्येच पत्रकार आग्नेस स्मेडली हिच्या ओळखीतून त्याला होत्सुमी ओझाकी भेटला, जो नंतर टोकियोतल्या जाळ्याचा कणा ठरला. (या स्मेडलीबाई त्याआधी बर्लिनमध्ये सरोजिनी नायडूंचे क्रांतिकारक बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्याबरोबर कित्येक वर्षे राहिल्या होत्या. चट्टोपाध्याय यांनाही १९३७ मध्ये सोव्हिएत संघातच गोळी घालण्यात आली. त्या काळी मॉस्कोवर जीव लावणाऱ्यांचे मॉस्कोने काय केले, याची यादी लांबलचक आहे.) तेव्हा स्त्रिया अयोग्य असतात हे झोर्गेचे मत असणे शक्यच नव्हते. ते धादांत खोटे होते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्याने लिहिलेल्या मजकुरातले सर्वांत प्रेमळ खोटे होते. टोकियोतल्या एकाही स्त्रीला या प्रकरणात ओढायचे कारण सरकारी वकिलाला सापडू नये, यासाठी ते लिहिले गेले. हानाकोला गोवू नये, अशी विनंतीही त्याने योशिकावा या सरकारी वकिलांना केली. पोलिसांनी तिची चौकशी केली, तिला त्रास दिला. पण तिच्यावर खटला भरला गेला नाही.

आता मॉस्कोकडे पाहा. सप्टेंबर १९४२ मध्ये कात्याला अटक झाली. आरोप हेरगिरीचाच, तोही जर्मनीसाठी. तिचा नवरा सोव्हिएत संघासाठी हेरगिरी केली म्हणून त्या वेळी टोकियोच्या सुगामो तुरुंगात होता. तिला सैबेरियात क्रास्नोयार्स्कच्या मुलखात हद्दपार करण्यात आले आणि १९४३ मध्ये ती तिथेच मरण पावली. झोर्गेला हे कळले असण्याचा संभव फारसा नाही. ७ नोव्हेंबर १९४४ रोजी, रशियन क्रांतीच्या वर्धापनदिनी, ओझाकीला आणि त्याला एकापाठोपाठ फाशी देण्यात आली.

ज्या शत्रुराष्ट्राने त्याला फासावर चढवले, त्याच्या सरकारी वकिलाने झोर्गेच्या प्रेयसीला सोडून दिले. आणि ज्या राष्ट्रासाठी तो फासावर चढला, त्याने त्याच्या पत्नीचा बळी घेतला. कर्तव्य आणि प्रेम यांच्या तराजूचे रूपक इथे मोडून पडते. झोर्गेने प्रेमाचा त्याग करून कर्तव्य निवडले असे म्हणावे, तर त्याने त्यागलेली वस्तू त्याच्या धन्याने जपायला हवी होती. ती जपणे सोडाच, तिची ओळखही धन्याने दफ्तरात नीट ठेवली नाही. किंवा ठेवली होती आणि म्हणूनच ती पकडली गेली; जर्मन नवऱ्याची बायको म्हणून.

त्याच्या गटातल्या इतरांकडे पाहिले की प्रश्न आणखी स्पष्ट होतो. ओझाकी हा पंतप्रधान कोनोए यांच्या सल्लागारांच्या वर्तुळातला प्रतिष्ठित पत्रकार. त्याची पत्नी एइको हिला तो पकडला जाईपर्यंत कशाचाही पत्ता नव्हता. तुरुंगातून त्याने तिला आणि मुलगी योको हिला शेकड्याने पत्रे लिहिली. १९४६ मध्ये ती पुस्तकरूपाने आली आणि हरलेल्या, भुकेल्या जपानने ती उचलून धरली. एरवी देशद्रोही ठरलेल्या माणसाची पत्रे लोक इतक्या ओढीने का वाचत होते? मला वाटते, कर्तव्याच्या नावाखाली घरे कशी पोखरली गेली हे तेव्हा घरोघर माहीत झाले होते. वृत्तसंस्थेत काम करणारा युगोस्लाव्ह ब्रांको वुकेलिच याने वेगळी वाट धरली. जपानच्या पारंपरिक ‘नो’ नाट्याच्या प्रयोगाला भेटलेल्या योशिको या जपानी तरुणीवर त्याचे प्रेम बसले, पहिल्या पत्नीशी घटस्फोट घेऊन १९४० मध्ये त्याने तिच्याशी लग्न केले आणि आपण कोण आहोत हे तिला सांगून टाकले. गुप्तचर खात्याच्या कोणत्याही नियमाने हा गुन्हाच होता. तरीही धोका काय आहे हे ठाऊक असून तो पत्करण्याची संधी या सगळ्या गोतावळ्यात मिळाली ती या एका तरुणीला. वुकेलिच जानेवारी १९४५ मध्ये आबाशिरीच्या थंडगार तुरुंगात मेला.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: युद्धात लाखो जीव पणाला लागलेले असताना दोन-चार मनांचा हिशेब कशाला मांडायचा? आक्षेप हलका नाही. १९४२ मध्ये अमेरिकन वंशाची ब्रिटिश हेर बेटी पॅक हिने वॉशिंग्टनमधल्या व्हिशी फ्रान्सच्या, म्हणजे जर्मनीपुढे नमलेल्या फ्रेंच सरकारच्या, वकिलातीतून नौदलाची सांकेतिक पुस्तके मिळवली, ती वकिलातीतल्या शार्ल ब्रूस या अधिकाऱ्याशी असलेल्या प्रेमसंबंधातून. पहारेकरी अचानक येईल या अंदाजाने तिने अंगावरचे कपडे उतरवले आणि विजेरीच्या झोतात ते दृश्य पाहून ओशाळलेला पहारेकरी माघारी फिरला. तिजोरी मग निवांत उघडता आली. पुढे तिने याच ब्रूसशी लग्न केले आणि आपल्या कामाची तिला कधी लाज वाटली नाही. म्हणजे प्रेम आणि कर्तव्य एका दिशेने चालण्याची उदाहरणेही आहेत. पण बेटी पॅकने स्वतःचे शरीर आणि स्वतःचे नाव पणाला लावले आणि ब्रूसला ती कोणासाठी काम करते हे कळले होते. त्याने जाणूनबुजून साथ दिली. माझा प्रश्न ज्यांना विचारलेच गेले नाही त्यांच्यापुरता आहे. लाखो जीव वाचवायचे असतील तर राष्ट्राने किंमत जरूर मोजावी, पण मोजली आहे हे कबूल तरी करावे.

आपल्याकडे या प्रश्नाला एक वाक्य उत्तर म्हणून पुढे केले जाते: ‘आधी लगीन कोंढाण्याचं, मग रायबाचं.’ तानाजी मालुसऱ्यांच्या तोंडचे हे वाक्य शाळेपासून आपल्या कानावर आहे आणि कर्तव्य घराच्या आधी येते याचा दाखला म्हणून ते दिले जाते. गंमत अशी की आपण वाक्याचा पूर्वार्धच लक्षात ठेवतो. ‘मग रायबाचं’ या उत्तरार्धाचे पुढे काय झाले? परंपरा सांगते की तानाजी पडल्यावर शिवाजी महाराजांनी स्वतः उमरठ्याला जाऊन रायबाचे लग्न लावून दिले. दस्तऐवजांच्या कसोटीवर ही कथा किती टिकते हा भाग वेगळा. लोकांना ती सांगावीशी वाटली, हे महत्त्वाचे. सेवकाने आधी लगीन कोंढाण्याचे लावले तर रायबाच्या लग्नाची जबाबदारी राजाकडे जाते, हा व्यवहार लोकमानसाने अचूक ओळखला होता. आजच्या राज्यसंस्थेला पूर्वार्ध तोंडपाठ आहे आणि उत्तरार्धाच्या वेळी तिला तो माणूस आठवत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर तर प्रेम ही खात्यांची अधिकृत सामग्रीच झाली. शीतयुद्धात पूर्व जर्मनीचे हेरप्रमुख मार्कुस वोल्फ यांनी देखण्या पुरुषांना पश्चिम जर्मनीच्या राजधानीतल्या, बॉनमधल्या, सरकारी कचेऱ्यांतल्या एकट्या स्त्रियांच्या मागावर पाठवण्याचे तंत्र पद्धतशीर वापरले. सोव्हिएत केजीबीही त्यात मागे नव्हती. पश्चिम जर्मनीच्या परराष्ट्र मंत्रालयातल्या एका सचिव स्त्रीशी केजीबीच्या हस्तकाने लग्न केले आणि वर्षानुवर्षे तिच्याकरवी कागदपत्रे मिळवली. १९६७ मध्ये दोघे पकडले गेले. नवऱ्याने आपल्याशी लग्न केले ते हुकूम होता म्हणून, हे तिला चौकशीत कळले आणि तिने कोठडीत गळफास लावून घेतला. अशा वेळी हस्तकाच्या मनात कर्तव्य आणि प्रेम यांची घालमेल झाली की नाही, याची चर्चा मला जवळजवळ अश्लील वाटते. लग्न करण्याचा हुकूम देणे, हीच ओलांडू नये अशी मर्यादा मानायला हवी होती.

ही मर्यादा आखता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी ब्रिटनकडे पाहावे. तिथे प्रकरण युद्धाचे नव्हते. खोट्या नावाने चळवळींत शिरलेल्या पोलिसांनी कार्यकर्त्या स्त्रियांशी वर्षानुवर्षे संबंध ठेवले, काहींना त्यांच्यापासून मुलेही झाली. नोव्हेंबर २०१५ मध्ये लंडनच्या महानगर पोलिसांनी सात स्त्रियांची जाहीर माफी मागितली आणि २०२१ मध्ये एका विशेष न्यायाधिकरणाने अशाच एका प्रकरणात मानवी हक्कांचा भंग झाल्याचा निर्णय दिला. सगळा व्यवहार गोपनीय असूनही न्यायाधिकरण बसले, कागद तपासले गेले, निकाल लागला आणि पोलीस दल काही मोडून पडले नाही.

आपली भाषाही या बाबतीत दुटप्पी आहे. शत्रूकडून आलेली स्त्री म्हणजे हनीट्रॅप, मोहजाल, विषकन्या. आपल्याकडून गेलेली स्त्री म्हणजे वीरांगना. मे २०२३ मध्ये पुण्यातल्या संरक्षण संशोधन क्षेत्रातल्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञाला राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने अटक केली, तेव्हा वृत्तवाहिन्यांवर कित्येक दिवस हनीट्रॅप हाच शब्द गाजत होता. आरोपाचा निवाडा न्यायालय करील. मला खटकली ती त्या शब्दाबरोबर आलेली चवीने केलेली चर्चा. तंत्र एकच असेल तर त्याचे नैतिक नाव पाठवणाऱ्याच्या झेंड्यावरून बदलू नये. आपण पाठवलेल्या मुलीने परक्या घरात लग्न करून जाणे जर पडद्यावर आपल्याला हेलावून टाकत असेल, तर त्या घरातल्या माणसांचेही काहीतरी बुडाले, एवढे मान्य करायला देशभक्ती आड येऊ नये.

आणि स्वतःच्या माणसांचे आपण काय करतो? सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर राजस्थानातल्या एका माजी टपाल कर्मचाऱ्याचे प्रकरण आले. आपल्याला गुप्त कामासाठी पाकिस्तानात पाठवले होते, १९७६ मध्ये तिथे अटक झाली, कैदेत वर्षे गेली आणि तेवढ्यात इकडे गैरहजेरीबद्दल नोकरीवरून काढून टाकले, असे त्याचे म्हणणे होते. केंद्र सरकारने त्याच्याशी काही संबंध असल्याचे नाकारले. तत्कालीन सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या पीठाने कोणावरही ठपका न ठेवता त्याला दहा लाख रुपयांचे सानुग्रह अनुदान द्यायला सांगितले. रक्कम आधी पाच लाख ठरत होती. तो अंथरुणाला खिळला आहे आणि मुलीवर अवलंबून आहे, हे वकिलांनी सांगितल्यावर ती दुप्पट झाली. न्यायालयाच्या माणुसकीविषयी आदर बाळगूनही ‘सानुग्रह’ या शब्दापाशी मी अडतो. सानुग्रह म्हणजे कृपेने दिलेले. ते हक्काचे असते तर त्या मुलीला आपल्या वडिलांच्या आजारपणाचा पुरावा देशाच्या सर्वोच्च पीठासमोर मांडावा लागला नसता.

हक्काचे होत नाही याचे कारण पायातच आहे. आपली परदेशी गुप्तचर यंत्रणा १९६८ मध्ये स्थापन झाली ती सरकारी आदेशाने. तिच्यासाठी संसदेने केलेला स्वतंत्र कायदा नाही. ब्रिटनने असे कायदे १९८९ आणि १९९४ मध्ये केले. आपल्याकडे मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये लोकसभेत त्यासाठी खासगी विधेयक मांडले, त्याचे पुढे काही झाले नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ ने या यंत्रणांना वगळले आहे. त्यात भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचा भंग यांबाबत अपवाद ठेवलेला आहे, परंतु ज्या माणसाला यंत्रणा आपला मानतच नाही त्याच्या कुटुंबाने कोणत्या कागदाच्या आधारे अर्ज करायचा? नोंदी उघड केल्या तर हेर मारले जातील, हा दुसरा आक्षेप इथे येतो आणि तो खराच आहे. पण मी उघड नोंदी मागत नाही. कुठल्या माणसामागे कोण आहे याची बंद नोंदवही, ती पाहण्याचा अधिकार असलेले निवृत्त न्यायाधीशांचे बंद दाराआड बसणारे न्यायाधिकरण, ठरावीक वर्षांनी आपोआप संपणारे मौन आणि नाते हत्यार म्हणून वापरण्याचा हुकूम देण्यावर साफ बंदी, एवढ्याने कोणाचे गुपित फुटणार नाही. बँकेच्या लॉकरलाही आपल्यामागे कोणाचे तरी नाव लावून ठेवा, असे आपण लोकांना सांगतो.

सोव्हिएत संघाने झोर्गेचे नाव घेतले ते १९६४ मध्ये. त्या वर्षी ५ नोव्हेंबरला त्याला मरणोत्तर ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब मिळाला, पुढच्या वर्षी त्याच्या चेहऱ्याचे टपाल तिकीट निघाले आणि एव्हाना मृत्यूला एकवीस वर्षे झालेल्या कात्यालाही निर्दोष ठरवण्यात आले. हानाकोला मॉस्कोकडून निवृत्तिवेतन मिळू लागले आणि २००० साली ती वारली तोवर ते चालू होते. ज्या पत्नीचे नाव वहीत होते तिला मारून जिचे नव्हते तिला पैसे पाठवणारी ही व्यवस्था. तरी काहीच न देणाऱ्यापेक्षा बरी म्हणायची. हानाकोने मात्र त्यांची वाट पाहिली नव्हती. झोर्गेला तुरुंगाच्या लोकांनी झोशिगायाच्या दफनभूमीत बेवारशांच्या जागेत पुरले होते. युद्ध संपल्यावर ती त्याचा माग काढीत तिथे पोहोचली आणि १९४९ मध्ये तिने ती जागा उकरून घेतली. हाडे धिप्पाड परदेशी माणसाची होती, पायाच्या हाडावर पहिल्या महायुद्धातल्या मोडीची खूण होती आणि जबड्यात अपघातानंतर बसवलेले सोन्याचे दात होते. त्या सोन्याची तिने अंगठी करून घेतली आणि ती जन्मभर बोटात ठेवली. अस्थी तिने टोकियोच्या तामा दफनभूमीत नेऊन पुरल्या. मॉस्कोत किताब जाहीर झाला तेव्हा त्या कबरीला सुमारे चौदा वर्षे होत आली होती आणि तिचा खर्च हानाकोने कधीच चुकता केला होता.